रातांधळेपणा आणि शेवग्याचा पाला

रावेर-यावलकडे केळीला रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायची वेळ येते, तेव्हाच हा आजार उघडा पडतो. दिवसा ठणठणीत असलेला विशीतला पोरगा अंधारात बांध चुकतो, नळीला अडखळून पडतो. मग गावभर एकच सल्ला: शेवग्याचा पाला, गाजर, कलेजी खाऊ घाला.

सल्ला अगदीच खोटा नाही. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की रात्री दिसेनासं होतं आणि ते मिळालं की बहुधा सुधारतं. पण दुसरा रातांधळेपणा जनुकांतून येतो: रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी हळूहळू मरतात. नजर कडेकडून आवळत जाते, शेवटी नळीतून पाहिल्यासारखं होतं. पाल्याने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मनाने 'अ'च्या गोळ्यांचा मारा केला तर यकृतालाच त्रास.

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही हो!" नसेलही. आईबाप दोघेही सदोष जनुकाचे नुसते वाहक असले, तर त्यांना काहीच होत नाही; प्रत्येक मुलाला मात्र 25 टक्के धोका. मामाच्या मुलीशी लग्न केलं तर दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते.

आजार ओळखायला तपासण्या आहेत: ओसीटी यंत्र डोळ्याच्या पडद्याचे थर मोजतं, ईआरजी ही चाचणी त्यातल्या पेशींची विद्युत हालचाल टिपते. जनुक चाचणीही महत्त्वाची, कारण 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकोपचार पद्धत फक्त आरपीई65 या जनुकातल्या दोषावर चालते, तीही पेशी शिल्लक असतील तरच.