शोधयंत्र वेबपानाचे शीर्षक कसे वाचते?

प्रत्येक वेबपानाच्या सांकेतिक मजकुरात (कोडमध्ये) आरंभीच 'टायटल' नावाची एक ओळ असते. पानाच्या मजकुरात ती दिसत नाही, पण ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालातील ठळक दुव्यात बहुधा तिचेच शब्द असतात. मोठ्या कष्टाने लिहिलेल्या पानावर ही ओळ 'मुखपृष्ठ' किंवा 'नवीन पान' अशीच राहून गेलेली दिसते, तेव्हा खरोखर वाईट वाटते, कारण ज्याला त्या माहितीची गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचण्याचा एक मोठा मार्ग तिथेच अरुंद होतो.

आपण शोधशब्द लिहितो त्या क्षणी शोधयंत्र जगभरची पाने वाचायला निघत नाही. कोणता शब्द कोणत्या पानावर, कोणत्या जागी आला आहे याची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, प्रचंड शब्दसूची त्याने आधीच तयार करून ठेवलेली असते. या नोंदींत सगळ्या जागा सारख्या मोलाच्या नसतात. गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात शीर्षकातील, पत्त्यातील आणि दुव्यांतील शब्दांची नोंद साध्या मजकुरातील शब्दांहून वेगळ्या वर्गात ठेवली होती. त्यांच्या एका प्राथमिक प्रयोगात तर सुमारे १ कोटी ६० लाख पानांची केवळ शीर्षकेच शोधली जात आणि जुळलेली पाने महत्त्वानुसार लावली जात.

मग हवा तो शब्द शीर्षकात पाच वेळा लिहिला तर? त्याच निबंधात याचे उत्तर आहे: शब्दाची पुनरावृत्ती वाढते तसे त्याचे वजन सुरुवातीला वाढते, पण लवकरच ती वाढ थांबते. 'ताप, मुलांचा ताप, ताप उपाय, ताप माहिती' अशा शीर्षकाने त्यामुळे यंत्राकडून फारसे काही मिळत नाही आणि वाचणाऱ्याचा विश्वास मात्र उडतो. शब्दाच्या दुर्मिळतेलाही मोल असते. संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलेल्या विचारानुसार, जो शब्द असंख्य दस्तऐवजांत आढळतो तो एकातून दुसरा निवडायला फारसा उपयोगी पडत नाही. 'माहिती' हा तसा शब्द आहे. 'लहान मुलांचा ताप घरी कसा मोजावा' या शीर्षकातील जवळजवळ प्रत्येक शब्द काम करतो, शिवाय आई-वडील ज्या शब्दांत प्रश्न विचारतील त्याच शब्दांत ते लिहिलेले आहे.

लांबीबाबत गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही, परंतु पडद्याच्या रुंदीत न मावणारा भाग निकालात कापला जातो. म्हणून विषय आधी आणि संकेतस्थळाचे नाव शेवटी असावे. देवनागरीत अक्षरे मोजणे तर अधिकच फसवे आहे, कारण 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसत असले तरी संगणकासाठी ते चार संकेत असतात.

लिहिलेले शीर्षक जसेच्या तसे दाखवले जाईलच असेही नाही. ते पानाशी विसंगत, अपुरे किंवा शब्दांनी ठासून भरलेले वाटल्यास गूगल पानावरील मुख्य मथळ्यातून किंवा अन्य मजकुरातून दुसरे शीर्षक घेते. २०२१ साली कंपनीने सांगितल्याप्रमाणे सुमारे ८७ टक्के वेळा लेखकाच्याच शीर्षकाचा आधार घेतला जात होता. शीर्षक आणि पानावरील मथळा एकाच विषयाबद्दल बोलत असतील, तर अशा बदलाची शक्यता कमी होते.

सुधारलेले शीर्षक निकालात दिसण्यास काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात, कारण शोधयंत्राने ते पान पुन्हा येऊन वाचावे लागते. तोवर बदलाची तारीख नोंदवून ठेवावी आणि शीर्षकाला पुन्हा हात लावू नये.