आईने घेतलेली कॅप्सूल, बाळाच्या पोटातले जंतू

पोटातलं बाळ निर्जंतुक असतं आणि जंतूंशी त्याची पहिली गाठ जन्माच्या वेळी पडते, हे मत 1900च्या सुमारास पॅरिसच्या आंरी तिसिए यांनी मांडलं. पुढे शंभरेक वर्षं ते टिकलं. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या याच डॉक्टरांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये टोकाला फाटे फुटलेले जिवाणू दिसले होते. प्रोबायोटिकच्या, म्हणजे तब्येतीसाठी घ्यायच्या जिवंत जिवाणूंच्या, पाकिटांवर आज छापलेलं बिफिडोबॅक्टेरियम ते हेच. त्याआधी, 1892मध्ये, जर्मनीत आल्बर्ट डोडरलाइन यांनी योनीमार्गातल्या लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं वर्णन केलं होतं, पण त्यांचा रोख बाळंतज्वराकडे होता. आंबवलेल्या दुधाचे गोडवे गाणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉफही पाश्चरमधलेच. त्यांना मात्र म्हातारपणाची काळजी होती.

आईला जिवाणू खाऊ घालून बाळाचं भलं करायची कल्पना बरीच उशिरा आली, तीही ॲलर्जीच्या वाटेने. मोठ्या कुटुंबातल्या मुलांना ॲलर्जीची सर्दी कमी होते, असं 1989मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड स्ट्रॅचन यांनी दाखवलं. लहानपणी जंतूंचा सहवास कमी पडतो म्हणून ॲलर्जी बळावते का, हा प्रश्न तिथून ऐरणीवर आला.

त्याचं उत्तर शोधायला फिनलंडमधल्या तुर्कूच्या गटाने 159 गरोदर बायका घेतल्या. प्रत्येकीच्या जवळच्या नात्यात कुणाला तरी ॲलर्जी होती. निम्म्या जणींना प्रसूतीआधी 2 ते 4 आठवडे लॅक्टोबॅसिलस जीजीच्या कॅप्सूल दिल्या (‘जीजी’ म्हणजे गोर्बाक आणि गोल्डिन, हा जिवाणू शोधणाऱ्या दोघांची आडनावं), उरलेल्यांना जिवाणू नसलेली, नुसती दिखाऊ कॅप्सूल. बाळंतपणानंतर हे 6 महिने चाललं: अंगावर पाजणारी आई स्वतः कॅप्सूल घेई, नाहीतर तीच फोडून, पाण्यात कालवून चमच्याने बाळाला. दोन वर्षांनी इसब दिसला तो दिखाऊ गटातल्या 68 पैकी 31 मुलांना आणि जीजी गटातल्या 64 पैकी 15 जणांना. 2001 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि गाजलं. त्या गाजावाजात दोन गोष्टी मागे पडल्या. ॲलर्जीच्या त्वचा-चाचण्यांत दोन्ही गट सारखेच निघाले होते. आणि फायदा आईच्या पोटातून किती आला, चमच्यातून किती, हे या प्रयोगातून वेगळं काढताच येत नाही. 2008मध्ये जर्मनीत हाच जिवाणू वापरून तसाच प्रयोग झाला. तिथे इसब कमी झाला नाही.

दरम्यान तिसिए यांच्या मतालाच धक्का बसला. 2014मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वारेतही (पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवात) जिवाणूंचा डीएनए सापडल्याचं सांगितलं. पण केंब्रिजच्या गटाने 2019मध्ये 537 वारा तपासल्या, तेव्हा बहुतेक खुणा प्रयोगशाळेतल्या रसायनांतून किंवा प्रसूतीच्या वेळी आलेल्या निघाल्या. सुमारे 5 टक्के वारांत बी गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू तेवढा खरा होता. थोडक्यात, तिसिए फारसे चुकले नव्हते.

कॅप्सूल मात्र तोवर गरोदरपणातल्या मधुमेहाकडे वळली होती. ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या 411 गरोदर बायकांवर झालेल्या चाचणीत, 2019च्या निष्कर्षांनुसार, मधुमेह टळला नाही. अशा चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने 2021मध्ये घेतलेला आढावा जास्त खटकणारा आहे: प्रोबायोटिक घेणाऱ्या बायकांत प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार, कमी नव्हे तर जास्त आढळला.