महाजन, कुळावी, भजक : गोव्यातल्या देवळांवरच्या पुस्तकांमागची पार्श्वभूमी

जत्रेच्या दिवसांत गोव्यातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानावर चौकटीत निमंत्रण असतंच : समस्त महाजन, कुळावी व भजक यांनी उपस्थित राहून श्रींच्या कृपेस पात्र व्हावे. आपण त्या ओळीवरून डोळे फिरवतो आणि महाप्रसादाची वेळ बघतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पुढे गोव्याच्या इतिहासावरची पुस्तकं वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की या तीन शब्दांची एक रांग आहे. रांगेतल्या पहिल्याला मत आहे, उरलेल्या दोघांना प्रसाद.

आमच्या वाचनकट्ट्यावर यंदा धर्म, इतिहास आणि न्याय या विषयावरची पुस्तकं घेतली आहेत. त्यांची पार्श्वभूमी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. इन्क्विझिशन म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, जुन्या काबिजादी म्हणजे त्यांनी आधी जिंकलेले महाल, देवळांची मोडतोड हे इथल्या प्रत्येकानं आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. मला बोलायचं आहे ते त्या पहिल्या शब्दाबद्दल : महाजन, म्हणजे देवळाच्या यादीत नाव असलेले आणि म्हणून त्याच्या कारभारात मत असलेले.

आधी कपाटावरून एक नजर. सगळ्यात जुनं आहे ते १६१६ मध्ये राचोलला छापलेलं ओवीबद्ध पुराण. परक्या धर्माची कथा, पण ओव्या अशा की ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याची मान आपोआप डोलावी. त्यानंतर १६८७ चं, इन्क्विझिशनच्या कोठडीतून सुटलेल्या एका फ्रेंच वैद्याचं कथन. मग एकोणिसाव्या शतकात सरकारी दप्तरातून निवडून छापलेले पोर्तुगीज हुकूम आणि पत्रं, जाडजूड खंडांत. आणि १९६१ मध्ये, म्हणजे गोवामुक्तीच्याच वर्षी, मुंबईहून आलेलं इन्क्विझिशनवरचं इंग्रजी पुस्तक, जे एका मराठी पंडितानं लिहिलं. या शेवटच्या पुस्तकानं आमच्या दोन पिढ्यांचा इतिहास ठरवला असं म्हटलं तरी चालेल. ही पुस्तकं थोर आहेत. पण त्यांतलं न्यायासन बहुतेक वेळा सोळाव्या शतकातच मांडलेलं असतं. आरोपी पोर्तुगीज, फिर्यादी ‘आम्ही’. या ‘आम्ही’ची उलटतपासणी कुणी घेत नाही.

आता जुना भाग भराभर उरकतो. १५२६ च्या सनदेत पोर्तुगीजांनी गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून घेतले आणि मान्य केले. १५४१ मध्ये तिसवाडीतल्या मोडलेल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाला लावलं. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली देवळं १५६७ च्या आगेमागे पडली आणि देव जुवारी नदीपलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, तो त्यांच्या हाती पडला १७६३ मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत देवळं पुन्हा उभी राहिली, इनामं मिळाली. १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवाला दिला. आज पर्यटक ज्या दीपमाळांचे फोटो काढतात, ती देवळं या मधल्या आणि नंतरच्या काळातली.

इथपर्यंत सगळी पुस्तकं एका सुरात बोलतात. पण देव रात्री होडीत घातला तेव्हा होडी वल्हवली कुणी, डोक्यावर समया कुणी घेतल्या, ढोल कुणाच्या गळ्यात होता, हे विचारलं की पानं मुकी होतात.

गंमत अशी, की या माणसांचा पत्ता सापडतो तो शत्रूच्याच वहीत. देवळं मोडल्यावर त्यांच्या जमिनी ताब्यात घ्यायच्या, तर आधी त्यांची मोजदाद हवी. साष्टी आणि बारदेशच्या १५६७ च्या नोंदवह्या आणि १५९५ चा मोठा जमाबंदीचा ग्रंथ यांत ती आहे. देवळाच्या सेवेसाठी राखलेल्या जमिनींना पोर्तुगीज दप्तरात ‘नमोशीं’ म्हणतात. त्या देवाच्या नावानं होत्या तशाच सेवेकऱ्यांच्या नावानंही होत्या. गुरवाची, वाजंत्र्याची, कलावंतिणीची, कुठे दिव्याच्या तेलासाठी. जप्ती करणारा कारकून बारकाईनं लिहितो, कारण एक भातखाचर सुटलं तर त्याची नोकरी जाते. त्याच्या त्या कोरड्या यादीत मला पहिल्यांदा देऊळ म्हणजे काय ते दिसलं : एक मूर्ती आणि तिच्याभोवती काम वाटून घेतलेला अख्खा गाव.

आता १८८६ कडे येतो. देवळं पाडल्याच्या सालांवर शेकड्यांनी पानं लिहिली गेली, या सालाबद्दल लोकांना फारसं ठाऊकही नाही. पण आज देवळाच्या दारात जे वाद होतात त्यांचं मूळ इथं आहे, असं माझं मत. त्या वर्षी पोर्तुगीज सरकारनं देवळांच्या कारभारासाठी नियमावली केली. नाव ‘रेगुलामेंतो दाश माझानियाश’. आपण सोयीनं महाजनी कायदा म्हणतो. १९३३ मध्ये हुकूम क्रमांक ६४५ नं तिची जागा नव्या नियमावलीनं घेतली आणि तीच आजही चालू आहे. कल्पना साधी : प्रत्येक देवळाचे महाजन म्हणजे एक संस्था. तिनं आपली घटना, म्हणजे ‘कोंप्रोमिसो’, लिहून सरकारकडून मंजूर करून घ्यायची. महाजनांची यादी ठेवायची. दर तीन वर्षांनी समिती निवडायची : अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार. वर देखरेखीला सरकारी प्रशासक. तेव्हा तो पोर्तुगीज अधिकारी होता, आता मामलेदार आहे.

कागदावर यात वाईट काहीच नाही. हिशेब ठेवा, निवडणूक घ्या, दागिन्यांची नोंद करा. प्रश्न ‘महाजन कोण’ हा आहे, आणि कायद्यानं त्याचं उत्तर त्या त्या देवळाच्या घटनेवर सोडलं. घटना लिहिणार कोण? जे आधीच स्वतःला महाजन म्हणवत होते ते. म्हणजे परीक्षेचा पेपर आणि उत्तरपत्रिका एकाच हातात.

‘महाजन’ हा शब्द त्याआधी असा घट्ट नव्हता. संस्कृतात तो थोर माणूस, किंवा पुष्कळ लोक. बाजारात सावकार. गावात चार जाणती माणसं बसली तर तेही महाजन. देवळाच्या संदर्भात तो ‘गावकर’ या शब्दाच्या जवळ होता : ज्यांनी गाव वसवला त्यांचे वंशज, आणि म्हणून ज्यांनी देऊळ बांधलं तेही. पण देव गाव सोडून गेले तेव्हा गावकरपण आणि देऊळ यांची ताटातूट झाली. मूळ गाव साष्टीत, देव अंत्रुजात, घराणी कुणी मंगळूरला, कुणी कारवारला, कुणी मुंबईत. गावाशी नातं तुटलं, तेव्हा देवाशी नातं सांगायला एक शब्द लागला. तो शब्द महाजन. यातली वेदना खरी आहे, ती मी नाकारत नाही.

उलट बाजूला प्रियोळचा, कवळ्याचा, बांदोड्याचा मूळचा माणूस. त्याचं स्वतःचं ग्रामदैवत आधीपासून होतं. त्याच्या हद्दीत हा पाहुणा देव आला, त्याला त्यानं जागा दिली, साडेचारशे वर्षं पालखीला खांदा दिला. कायद्यात तो ‘ग्रामस्थ’. फार तर ‘भजक’. ज्याचं कुलदैवत ते आहे पण ज्याचं नाव यादीत नाही तो ‘कुळावी’. पूर्वी महाजन, कुळावी, भजक हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळत होते. भांडण झालं तर देवाला कौल लावायचा, भट आणि गुरव मध्ये पडायचे, दोन वर्षं पालखी निघायची नाही आणि तिसऱ्या वर्षी निघायची. यादी झाली आणि मिसळणं संपलं. वहिवाट कायद्याच्या कलमात गोठली, आणि तीही बापाकडून मुलाकडे जाणारी. अनेक याद्यांत घरच्या मुलीलाही जागा नाही, परक्याचं तर सोडाच.

माझ्या वडिलांनी अंत्रुजातल्या एका देवळात चाळीसएक वर्षं सोमवारच्या पालखीपुढे दिवटी धरली. त्यांचे वडीलही तेच करायचे. तेलाचे डाग पडलेली त्यांची खाकी हाफपँट आई वेगळी धुवायची, कारण तो वास दुसऱ्या कपड्यांना लागायचा. एकदा देवळाच्या निवडणुकीची नोटीस लागली. रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा, गणपूर्ती न झाल्यास अर्ध्या तासानं तिथंच. वडील धुतलेला सदरा घालून गेले आणि पाठच्या खांबाला टेकून उभे राहिले. यादी वाचून झाल्यावर कुणीतरी हळूच सांगितलं, बाहेर थांबा, चहा आहे. ते घरी येऊन काही बोलले नाहीत. मला ही गोष्ट काकानं सांगितली, तीही विषय निघाला म्हणून. या टिपणात माझा तोल कुठे गेला असं वाटलं तर तो इथं गेला, हे आधीच कबूल करतो.

१९१० मध्ये पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले. इथून पुढची वीस वर्षं गोव्याच्या मराठी वाचकांची सुगी. वाचनालयं, शाळा, मासिकं, नाटकमंडळ्या. पण हक्क मागणारे आणि हक्क देणारे ही विभागणी फक्त पणजी-लिस्बन अशी नव्हती. देवळाच्या चौकात ती दुसऱ्यांदा होत होती. १९६९ मध्ये ‘मी कोण?’ या नावाचं मराठी आत्मचरित्र आलं. लेखक पैंगीणचे, कलावंत समाजातले, म्हणजे देवळात नाचगाण्याची सेवा करणाऱ्यांतले. आपल्या समाजाला देवळाच्या सेवेतून बाहेर काढण्यासाठी केलेली ती झुंज आहे. माझ्या कपाटात ते पुस्तक इन्क्विझिशनवरच्या पुस्तकाला खेटून उभं आहे आणि दोन्ही एकाच आठवड्यात वाचली तर झोप लागत नाही. एकात देऊळ मोडणारा बाहेरचा आहे. दुसऱ्यात देऊळ शाबूत आहे, समया उजळलेल्या आहेत, आणि तरी एक मूल स्वतःला विचारतंय की मी कोणाचा.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर हा महाजनी कायदा जाईल असं अनेकांना वाटलं असणार. गेला नाही. १९६२ च्या प्रशासन कायद्यानं, बदल होईपर्यंत जुने कायदे चालू ठेवले. त्या ओघात समान नागरी कायदा राहिला, ज्याचं आपण देशभर कौतुक सांगतो, आणि त्याच्याच बाकावर बसून महाजनी कायदाही राहिला, ज्याचं नाव आपण काढत नाही. १९६३ च्या डिसेंबरात पहिलं लोकनियुक्त सरकार आलं ते बहुजनांच्या मतांवर. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला, १९७५ मध्ये मुंडकारांचा, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा कायदा. कसणाऱ्याला शेत आणि राहणाऱ्याला घर या दिशेनं गोवा सरकला. देवळाच्या यादीला मात्र हात लागला नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या बागेत शिरायला जे सरकार कचरलं नाही ते सभामंडपाच्या पायरीशी का थांबलं, यावर मला अजून एकही चांगलं पुस्तक मिळालेलं नाही.

महाजनांची बाजूही सांगायला हवी. ती दुबळी नाही. ते म्हणतात, आमच्या पूर्वजांनी जीव धोक्यात घालून देव वाचवले, आणि घराण्यांनी वर्गणी काढून देवळं उभी केली. या कायद्यामुळे गोव्यातली देवळं सरकारी मंडळाच्या घशात गेली नाहीत, शेजारच्या राज्यांत काय झालं ते बघा. हे खरं आहे. मामलेदार प्रशासक म्हणून बसला की देवळाच्या पडवीत कशी फायलींची चळत साचते ते मी पाहिलंय, तो काही रामराज्याचा नमुना नव्हे. पण सरकार नको म्हणून यादी हवी, हा युक्तिवाद यादीत नाव असलेल्यालाच सुचतो.

गेल्या काही वर्षांतली भांडणं आठवून पाहा. पालखी कोणत्या वाटेनं न्यायची, जुनी मूर्ती बदलायची की नाही, आरतीचा पहिला मान कुणाचा, जत्रेतल्या दुकानांची पावणी, म्हणजे जागांचा लिलाव, कुणी करायची. वर्तमानपत्रात मथळा येतो ‘महाजन-ग्रामस्थ वाद’, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन गावगुंड टोळ्या भिडल्या. पोलीस बंदोबस्तात जत्रा होते, प्रकरण मामलेदारापासून हायकोर्टापर्यंत चढतं, आणि तिथं न्यायमूर्तींसमोर उघडली जाते ती १९३३ ची पोर्तुगीज नियमावली, इंग्रजी भाषांतरात.

मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये ठेवले गेले. त्यानंतर कपाटात नव्या पुस्तकांची भर पडली. बरीचशी पातळ, मुखपृष्ठावर ज्वाळा. वाचनालयात तरुण पोरं येऊन विचारतात, आमच्या गावातलं देऊळ कुठे होतं. चांगला प्रश्न आहे. मी त्यांना १५९५ च्या ग्रंथाकडे पाठवतो आणि ते पोर्तुगीज पाहून परत येतात. बांधायचं झालंच तर त्या देवळाचे महाजन कोण, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

परवा साष्टीत एका लग्नाला गेलो होतो. जेवणानंतर यजमानांच्या शेजाऱ्याबरोबर, म्हातारा ख्रिस्ती शेतकरी तो, बांधावरून फिरत होतो. वायंगण, म्हणजे हिवाळी भात, नुकतंच लावलं होतं, पाण्यात बगळे. एका खाचराकडे हात करून तो म्हणाला, ‘हें वाजंत्र्यांचें शेत.’ मी विचारलं, कसले वाजंत्री? त्यानं खांदे उडवले. नाव बापापासून ऐकत आलोय म्हणाला, आणि पाणी दुसऱ्या खाचरात सोडण्यासाठी वाकून बांध फोडायला लागला.