शरीरक्रियाशास्त्राचा घोडा आणि खान्देशातली म्हैस

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे ओठ वर करून दात बघतो, मग चालवून बघतो, आणि भावाचे सगळ्यात शेवटी बोलतो. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी शिकवले जाणारे शरीरक्रियाशास्त्रही घोड्यापासूनच सुरू झाले. गाय त्यात उशिरा आली, म्हैस तर फारच उशिरा.

इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त 8 फूट 3 इंच चढले. रक्तदाब मोजण्याचा हा पहिला प्रयोग 1733 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1762 मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात पशुवैद्यकाची पहिली शाळा उघडली. तिच्यामागे बुळकांडीने मरणाऱ्या गुरांची चिंता होती, पण शाळा काढणारे क्लोद बूर्जला मूळचे घोडेस्वारी शिकवणारे. साहजिकच अभ्यासाच्या केंद्रस्थानी घोडाच राहिला. याच शाळेतल्या शोव्हो यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांच्यासोबत 1861 मध्ये जिवंत घोड्याच्या हृदयात मानेच्या शिरेतून नळ्या घालून आतला दाब नोंदवला. घोड्याचे हृदय मोठे, ठोके मिनिटाला जेमतेम तीस-चाळीस. त्या काळच्या साधनांना ते झेपले.

आपल्याकडे लाहोरला 1882 मध्ये आणि मुंबईत परळला 1886 मध्ये हे शिक्षण सुरू झाले. लष्कराला घोडे लागत, मुंबईची ट्रामही तेव्हा घोडेच ओढत. खान्देशातला कापूस मात्र शेतातून जिनिंगपर्यंत, तिथून स्टेशनापर्यंत जायचा तो बैलाच्या मानेवर.

बैल आणि घोडा दोघेही गवत खातात, पण पोटाचा कारभार अगदी निराळा. गुरांच्या कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, सूक्ष्मजीव राहतात हे ग्रूबी आणि देलाफों यांनी 1843 मध्येच पाहिले होते. त्यांचे महत्त्व कळायला मात्र शंभर वर्षे गेली. केंब्रिजमध्ये बारक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी 1944 मध्ये मेंढ्यांवर दाखवून दिले, की हे जीव चारा आंबवून जी मेदाम्ले तयार करतात ती कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शिरतात. जनावराच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातूनच येतो. माझ्या मते आपल्या भागासाठी या विषयातला सगळ्यात कामाचा शोध हाच.

त्याची प्रचिती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येते. सणाला बैलापुढे मायेने पुरणपोळीचा ढीग ठेवला जातो. पिठूळ-गोड खाण्यावर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू फोफावतात, कोटीपोटाचा सामू (pH) साडेपाचच्या खाली घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, चारा पचवणारे जीव मरतात आणि बैल रवंथ सोडतो. डॉक्टर डाव्या भकाळीत, म्हणजे कुशीच्या खळग्यात, मूठ दाबून उभे राहतात. एरवी मिनिटाला एक-दोनदा मूठ वर ढकलली गेली पाहिजे. इथे पोट हलतच नाही, आणि शेणाला आंबूस वास. मग खाण्याचा सोडा पाजायचा. मका उघड्यावर पडलेला असला आणि गाईने रात्री दावे तोडले, तरी हेच होते.

कोवळ्या ज्वारीचे तसेच. पाण्याच्या ताणावर वाढलेल्या पोंग्यातले विष मोकळे करायला कोटीपोटातले जीव हातभार लावतात. घोड्याला ते गाईइतके बाधत नाही, म्हणजे इथे घोड्यावरून काढलेला अंदाज गाईच्या जिवावर बेतू शकतो.

म्हशीची गोष्ट आणखी पुढची. अमेरिकेतल्या ड्यूक्स यांचे पाळीव प्राण्यांच्या शरीरक्रियेवरचे पाठ्यपुस्तक 1933 मध्ये आले आणि ते आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. ते थंड मुलखातल्या जनावरांभोवती फिरते. होल्स्टिन गाय साधारण 5 ते 25 अंशांत सुखी असते. भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने बऱ्याच कमी. ती डबक्यात बसते ते अंग निववायला. उन्हाळ्यात तिचा माज मुका राहतो. ना हंबरणे, ना दुसरी खूण, आणि मालक म्हणतो म्हैस भाकड आहे.

दुधाचेही तसेच. म्हशीचे जवळजवळ सगळे दूध कासेच्या बारीक पोकळ्यांत असते, सडांच्या वरच्या टाकीत थोडेच. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवल्याशिवाय ते खाली उतरत नाही. पारडू मेले की पान्हा चोरणारी म्हैस आणि तबेल्यातले ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, दोन्हींची मुळे इथेच.

हिसारला म्हैस संशोधनाची केंद्रीय संस्था 1985 मध्ये निघाली, त्यानंतर आपल्याकडची आकडेवारी अधिक जमू लागली. 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्याखाली पुढे अभ्यासक्रम देशभर सारखा झाला. आता साडेपाच वर्षांच्या पदवीत शरीरक्रिया आणि जीवरसायन पहिल्याच वर्षी येते. काजळी लावलेल्या ड्रमवर बेडकाच्या स्नायूच्या आकुंचनाची रेघ उमटवण्याचे प्रात्यक्षिक मागे पडून संगणकावर गेले, त्याचे मला फारसे दुःख नाही. पण धुळे-जळगावच्या पोराला पहिल्या वर्षीच कुणी कोटीपोटाचा ताजा रस सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावा. त्यातली वळवळ पाहिली, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा बैल त्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.