बाहेर सरकणारा डोळा : तिरळेपणाच्या हिशेबातली दुसरी बाजू

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा चार-पाच वर्षांच्या पोराला घेऊन आलेली आई डोळ्यांच्या डॉक्टरला सांगते, "मना आंडोर उनमा गया का एक डोया मिटी लेस." (माझा मुलगा उन्हात गेला की एक डोळा मिटून घेतो.) डॉक्टर पोराला समोर बसवून पेनाचं टोक दाखवतात. दोन्ही डोळे सरळ. आई तोंडघशी पडते, पण तक्रार तिचीच बरोबर असते. जवळचं पाहताना डोळे आत वळतात आणि ती ओढ डोळ्याला जागेवर धरून ठेवते. नजर दूरवर गेली, पोरगं दमलं, तापानं फणफणलं किंवा आपल्याच तंद्रीत हरवलं, की पकड सुटते आणि एक डोळा कानाकडे सरकतो. लख्ख उन्हात एक डोळा मिटून घेणं ही याच दुखण्याची ओळखीची खूण. बाहेरच्या तिरळेपणाचा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच, येऊन-जाऊन असणारा.

असं असूनही तिरळेपणा म्हटलं की नाकाकडे वळलेला डोळाच का आठवतो, याचं उत्तर युरोपात आहे. बर्लिनमध्ये १८३९ साली योहान डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या एका मुलाच्या आत वळलेल्या डोळ्याचा आतला स्नायू कापला आणि डोळा सरळ केला. भूल देण्याचं तंत्र तेव्हा आलेलं नव्हतं, म्हणजे त्या पोराला कोणी कसं धरलं असेल कोण जाणे. पाहता पाहता युरोपभर या शस्त्रक्रियेची लाट आली. पण स्नायू साफ कापला की आत ओढणारं काही उरत नाही. कालांतराने यातले बरेच डोळे बाहेरच्या बाजूला फिरले, आणि डोळा बाहेर जाणं हे कित्येक ठिकाणी चक्क उपचाराचंच फळ ठरलं.

पुढे १८६४ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी चष्म्याच्या नंबराशी या सगळ्याची सांगड घातली. अधिक (प्लस) नंबराच्या मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी जोर लावावा लागतो आणि त्या जोरानं डोळे आत वळतात. उणे (मायनस) नंबरवाल्याला जवळचं पाहताना तो जोर फारसा लागत नाही, म्हणून त्याचा कल बाहेर. बाहेरच्या तिरळेपणाची दूरच्या आणि जवळच्या नजरेवरून नीट प्रतवारी लावली ती अमेरिकेतल्या अलेक्झांडर डुएन यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आजही दवाखान्यात डोळ्याचा तिरळेपणा दूरचं आणि जवळचं पाहताना असा दोनदा मोजतात, तो त्यांच्याच वाटेनं.

हे सारं ज्ञान गोऱ्या मुलांच्या डोळ्यांवरून उभं राहिलं. त्यांच्यात आतला तिरळेपणा जास्त, म्हणून पुस्तकांत तो आधी आणि ऐसपैस. आशियात मोजणी झाली तेव्हा पारडं उलटं निघालं. सिंगापूरच्या चिनी वंशाच्या लहान मुलांत बाहेरचा आणि आतला यांचं प्रमाण ७ ला १ असं आढळलं. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला अंदाज असा, की बाहेरचा तिरळेपणा साधारण १.२ टक्के लोकांत आणि आतला ०.८ टक्क्यांच्या आत. म्हणजे सगळं जग धरलं तर पुस्तकातला धाकटा भाऊच थोरला.

विषुववृत्ताच्या जवळ जावं तसा बाहेरचा तिरळेपणा वाढतो, असं निरीक्षण १९९२ मध्ये मांडलं गेलं होतं. आपल्याकडच्या उन्हात राहणाऱ्याला ते लगेच पटेल. पण जपान विषुववृत्तापासून चांगलाच वर आहे आणि तिथंही बाहेरचाच जास्त. माझ्या मते उन्हावर इतका भार टाकू नये. उन्हानं लपलेला दोष नजरेस येतो, एवढं त्याचं काम. नंबराचा आणि वंशाचा हिशेब त्याहून वजनदार दिसतो, जरी त्यानंही सगळं उलगडत नाही.

मुलींचं प्रमाण हा आणखी एक धागा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदींत येऊन-जाऊन असणाऱ्या प्रकारात मुली मुलांच्या जवळपास दुप्पट होत्या. आपल्याकडे मुलीचा डोळा लग्नाच्या बोलाचालीत निघतो, आणि तिरळा डोळा नशीबवान म्हणणारी मंडळीही तिथं गप्प बसतात.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. पारावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचा डोळा बाहेर गेलेला दिसतो आणि लोक म्हणतात, डोळा फिरला म्हणून दिसेनासं झालं. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. पऱ्हाटीची काडी लागून, विटी लागून, बुबुळावर फूल (पांढरा डाग) पडून किंवा पिकलेला मोतीबिंदू तसाच राहून आधी नजर जाते. न दिसणाऱ्या डोळ्याला जुळवून धरायला मेंदूकडे कारणच उरत नाही आणि तो हळूहळू बाहेर सरकतो. लहानपणीच्या 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानं किती बुबुळं गेली, हे त्या पिढीच्या चेहऱ्यांवर दिसतं. मुलांना त्याचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला आणि अंधत्व नियंत्रणाचा १९७६ मध्ये. मात्र मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाचा डोळा एकाएकी बाहेर गेला, पापणी लोंबली, एकाचे दोन दिसू लागले, तर ते मज्जातंतूचं दुखणं असतं. तिथं थांबायला वेळ नसतो.

मुलांच्या बाबतीत अलीकडे घाई कमी झाली आहे. अमेरिकेत ३ ते १० वर्षांच्या मुलांना उपचार न करता ३ वर्षं नुसतं तपासत ठेवलं, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांचाच त्रास ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला. मुद्दाम जास्त उणे नंबराचा चष्मा देऊन डोळा आत ओढण्याचा उपायही तपासला गेला. चष्मा होता तोवर डोळा आटोक्यात राहिला, पण मुलांचा खरा नंबर वाढला. शस्त्रक्रियेत बाहेरचा स्नायू मागे सरकवतात किंवा आतला आखूड करतात. डोळा पुन्हा बाहेर जाणं त्यानंतरही घडतं. हे घरच्यांना आधी सांगितलं नाही, तर दोन वर्षांनी डॉक्टरवर राग निघतो. आणि त्या आईनं संध्याकाळी अंगणात, दूरवर पाहणाऱ्या पोराचा मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला, तर पेनाच्या टोकाला न सापडलेलं डॉक्टरला तिथं दिसतं.