दुबळ्याच्या बाजूने उभे राहणारे राज्य : ईश्वरी राज्याच्या कल्पनेची पार्श्वभूमी

रामनवमीच्या सुमारास गिरगाव, दादर किंवा लालबागमधून चालत गेले की रामराज्याचा उल्लेख असलेले फलक दिसतात, आणि निवडणूक जवळ आली असेल तर तोच शब्द सभांमधूनही कानावर येतो. ईश्वराच्या इच्छेप्रमाणे चालणारे सरकार नेमके कसे असेल, हा फार जुना प्रश्न त्या शब्दाच्या पोटात दडलेला आहे. त्याचा इतिहास तपासताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्यांनी या प्रश्नाचा मनापासून विचार केला, त्यांनी राज्यकर्त्याला देवाचा प्रतिनिधी ठरवून मोकळे सोडले नाही. त्यांनी त्याला जखडून ठेवले आणि दुबळ्याला न्याय मिळतो की नाही, या एकाच कसोटीवर त्याचे राज्य पारखले.

या विचाराचे सर्वांत जुने आणि मला सर्वांत मोलाचे वाटणारे रूप बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आढळते. राजसत्ता निर्माण करूनही ब्रह्माचे काम पुरे झाले नाही, म्हणून त्याने धर्म निर्माण केला, असे तिथे सांगितले आहे. हा धर्म सत्तेवरचीही सत्ता आहे, आणि राजाच्या आधाराने जसे घडते तसेच धर्माच्या आधारानेही दुबळा माणूस बलवानाला आवरू पाहतो. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला राज्यसंस्थेची कुळकथा सांगतात, तीही अशाच वळणाची आहे. आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता, आणि माणसे धर्मानेच एकमेकांचे रक्षण करीत होती. मोह आणि लोभ शिरल्यावर ही घडी विस्कटली. पुढे वेन नावाचा राजा अधर्माने वागू लागला तेव्हा ऋषींनी त्याचा वध केला आणि त्याच्या देहाच्या मंथनातून निर्माण झालेल्या पृथूकडून राज्य हाती देण्यापूर्वी शपथ घेतली. म्हणजे आधी शपथ आणि मग सिंहासन, असा हा क्रम आहे. परंतु त्याच शपथेत द्विजांना दंड करणार नाही आणि वर्णसंकर होऊ देणार नाही, अशीही कलमे आहेत. ही गोष्ट झाकून ठेवून चालणार नाही, कारण विसाव्या शतकातला सर्वांत मोठा वाद तिच्याभोवतीच उभा राहिला.

मुंबईसारख्या शहरात ही कल्पना एकाच परंपरेतून आलेली नाही. येथील पारशी समाज ज्या अहुनवर प्रार्थनेचा नित्य पाठ करतो, तिच्या शेवटच्या ओळीत राज्य अहुराचे, म्हणजे ईश्वराचे, असल्याचे म्हटले आहे आणि तिथेच गरिबांच्या पालनकर्त्याचा उल्लेख आहे. शहरेवर हे पारशी महिन्याचे नावही 'इष्ट राज्य' या अर्थाच्या अवेस्ती शब्दापासून आलेले आहे. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेच्या जुन्या करारात इस्राएलचे लोक शमुवेल या संदेष्ट्याकडे राजा मागतात, तेव्हा तो त्यांना बजावतो की राजा तुमचे मुलगे रथांसाठी नेईल, मुलींना स्वयंपाकाला लावील आणि धान्याचा दशांश घेईल. तिथे देवाचे राज्य आणि राजाचे राज्य यांच्यात सरळ विरोध मानलेला आहे.

मराठी मुलखात या विचाराला कारभाराचे रूप कसे आले, हे पाहायचे तर रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्राकडे वळावे लागते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेला हा ग्रंथ राजपदाला प्रजापालनासाठी ईश्वराने सोपवलेली जबाबदारी मानतो, पण त्याचे खरे मोल त्याच्या बारीक तपशिलात आहे. आरमारासाठी फळ्या, सोट आणि डोलकाठ्या लागतात, म्हणून लाकूड हवेच. रानातला साग परवानगीने तोडावा, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावा. मात्र आंबा आणि फणस आरमाराच्या कामाचे असले तरी त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ जतन करून वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तरच धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये. एकाला दुःख देऊन केलेले कार्य ते करणाऱ्यासकट थोड्याच काळात बुडते आणि प्रजापीडनाचा दोष राज्याच्या धन्याच्या पदरी पडतो, हे त्यामागचे कारणही अमात्यांनी दिले आहे. राज्याच्या निकडीपुढे रयतेच्या परसातला फणस जिथे सुरक्षित राहतो, ते राज्य ईश्वराला मान्य होणारे असावे, असे मला हा उतारा वाचताना प्रत्येक वेळी वाटते.

एकोणिसाव्या शतकात हा विचार मुंबईत नव्याने मांडला गेला. 1867 मध्ये येथे प्रार्थना समाजाची स्थापना झाली, आणि गिरगावात त्या नावाचा बसथांबा आजही रोजच्या बोलण्यात आहे. त्या समाजाचे एक नेते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना इतिहासात ईश्वराचा हात दिसत असे, आणि त्यामुळे इंग्रजी अंमलाकडेही ते ईश्वरी योजना म्हणून पाहत. महात्मा फुले यांनीही 1873 च्या गुलामगिरीत इंग्रजांच्या येण्याला ईश्वराची कृपा म्हटले होते, पण त्यांचे कारण निराळे होते: शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची वाट त्यांना त्यात दिसली होती. पुढे 1883 मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहिताना त्यांनी त्याच सरकारच्या ऐषआरामी अधिकाऱ्यांवर आणि शेतकऱ्याला नागवणाऱ्या कारभारावर कोरडे ओढले. ज्या सत्तेमागे आपण देवाची इच्छा पाहिली, तिलाच शेतकऱ्याच्या झोपडीसमोर उभे करून जाब विचारण्याचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात निर्मिकाच्या, म्हणजे जग निर्माण करणाऱ्या ईश्वराच्या, इच्छेनुसार चालणारे जग एका घराच्या रूपाने येते. त्या घरात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असला तरी सर्वांनी एकमेकांशी प्रेमाने वागावे, अशी त्यांची मांडणी आहे. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झटत होते. रविवारची सुट्टी मागताना हा खंडोबाचा वार आहे, हेही त्यांनी पुढे केले, आणि 1890 मध्ये गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली. देवाच्या नावाने कष्टकऱ्याच्या पदरात इतके रोकडे काही पडल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. दरबार हा सत्तेचा शब्द त्यांनी बंधुभावासाठी वापरला, हे लक्षणीय आहे. 1919 मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

रामराज्य हा शब्द राजकारणाच्या केंद्रस्थानी आणला तो महात्मा गांधींनी. त्याच काळात गावदेवीतले मणिभवन हे त्यांचे मुंबईतील मुक्कामाचे ठिकाण होते. सप्टेंबर 1929 मध्ये भोपाळला बोलताना त्यांनी मुसलमान बांधवांना उद्देशून स्पष्ट केले की रामराज्य म्हणजे हिंदू राज्य नव्हे, तर ईश्वराचे राज्य. अगदी सामान्य माणसालाही खर्चिक खटाटोपाशिवाय त्वरित न्याय मिळावा, हा त्यांच्या रामराज्याचा गाभा होता. या कल्पनेला सर्वांत कठोर प्रश्न मुंबईतूनच विचारला गेला. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले, पण परिषदच रद्द झाल्याने होऊ न शकलेले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये स्वखर्चाने छापले. त्यात त्यांनी रामाने केलेल्या शंबूक या शूद्र तपस्व्याच्या वधाकडे बोट दाखवून म्हटले की चातुर्वर्ण्य टिकवायचे तर दंडाचा धाक अटळ ठरतो. रामराज्याचा आदर्श मानणाऱ्याला या आक्षेपाला बगल देता येत नाही, आणि देऊही नये. पृथूच्या शपथेतली ती दोन कलमे इथे पुन्हा समोर येतात.

17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत उद्देशिका चर्चेला आली, तेव्हा हरी विष्णू कामत यांनी तिचा आरंभ 'ईश्वराच्या नावाने' व्हावा, अशी दुरुस्ती सुचवली. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. ईश्वर हा विषय मतदानाला टाकण्याची पाळी आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मतदान झाले आणि 41 विरुद्ध 68 मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. विरोधात मत देणाऱ्यांमध्ये श्रद्धाळू माणसे नव्हती, असे समजण्याचे कारण नाही. देवाचे नाव राज्याच्या दस्तऐवजात घालण्याने देवाचा मान वाढतो का, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र पदाची शपथ घेणाऱ्याला दोन्ही वाटा खुल्या आहेत. मलबार हिलच्या लोकभवनात (पूर्वीच्या राजभवनात) किंवा दादरच्या शिवाजी पार्कवर महाराष्ट्राचा मंत्री बहुधा ईश्वरसाक्ष शपथ घेतो, आणि ज्याला ते शब्द नको असतील त्याला गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. पुढचा मजकूर दोघांनाही सारखाच आहे. त्यात निर्भयपणे, निःस्पृहपणे, कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता न्याय्य वागणूक देण्याचे वचन आहे, आणि ते 'सर्व तऱ्हेच्या लोकांना' दिलेले आहे.