एवढ्याशा पिल्लाच्या अंगावर पिसवा: आधी ऊब, मग फणी

दोन आठवड्यांचं मांजराचं पिल्लू तळहातावर उताणं धरायचं आणि पोटावरच्या केसांवर हळूच फुंकर मारायची. तपकिरी रंगाचं काहीतरी तुरुतुरु पळून मांडीच्या सांध्यात लपलं की समजायचं, पिसवा झाल्यात. कधीकधी पिसू दिसतच नाही, नुसते काळे बारीक कण दिसतात, मिरपूड भुरभुरल्यासारखे. ते कण ओल्या टिश्यूवर ठेवून मिनिटभर थांबा. माती असेल तर मातीच राहते, पण पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती गंजाच्या रंगाचा डाग पसरत जातो. तो डाग पिल्लाच्याच रक्ताचा असतो, पिसूने पिऊन अर्धवट पचवून बाहेर टाकलेल्या.

मोठ्या मांजराला पिसवा झाल्या तर खाज सुटते, केस जातात, ते वैतागतं, पण सहसा जिवावर बेतत नाही. पिल्लाचं गणित वेगळं आहे. नुकतंच जन्मलेलं पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि त्याच्या अख्ख्या शरीरात रक्त असतं जेमतेम 6 मिलीलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याहून जरासं जास्त. मांजरावरच्या पिसूची मादी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे 15 पट रक्त पिते, आणि मोजमाप करून काढलेला हिशोब असा आहे की 72 माद्या मिळून दिवसाला 1 मिलीलिटर रक्त संपवू शकतात. 6 पैकी 1, एका दिवसात! त्यात भर म्हणजे पिल्लांच्या रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण पहिल्या काही आठवड्यांत तसंही कमी होत असतं, कारण शरीर भराभर वाढतं आणि नव्या पेशी तयार होण्याचा वेग तेवढा नसतो. नेमक्या त्याच वेळी पिसवा पितात.

म्हणून पिसवा दिसल्या की पहिली गोष्ट, हिरड्या बघा. ओठ हलकेच वर करायचा, आतला रंग गुलाबी हवा. फिकट किंवा पांढरट दिसला, पिल्लू मलूल पडलंय, दूध ओढत नाहीये, श्वास भरभर चाललाय, तर फणी-बिणी शोधत बसू नका, त्याला उबेत गुंडाळा आणि सरळ प्राण्यांच्या डॉक्टरकडे पळा, वेळप्रसंगी त्याला रक्तही चढवावं लागतं. "उद्या सकाळी बघू" म्हणण्याइतकी सवड अशा पिल्लाकडे नसते, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आता औषधांचं. घरात कुत्र्यासाठी आणलेलं मानेवर टाकायचं औषध असतं, आणि एक थेंबच टाकू की, असं कुणालाही वाटू शकतं. कृपा करून टाकू नका. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराच्या लिव्हरमध्ये ते मोडून बाहेर टाकायची एक महत्त्वाची यंत्रणा मुळातच कमजोर असते, म्हणजे धडधाकट मोठ्या मांजरालासुद्धा त्याने थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. पिल्लाची लिव्हर तर अजून तयारच होत असते. मांजरांसाठीची म्हणून मिळणारी औषधंही बहुतेक सहा-आठ आठवड्यांच्या पुढेच चालतात, नायटेनपायरम या पिसवा मारणाऱ्या औषधाची गोळी 4 आठवडे वय आणि साधारण 900 ग्रॅम वजन झाल्याशिवाय देत नाहीत. काही देशांत फिप्रोनिल या कीटकनाशकाचा एक स्प्रे अगदी दोन दिवसांच्या पिल्लांनाही मंजूर आहे, पण तो वजनावर मोजून मारायचा असतो आणि त्यात अल्कोहोल असल्याने उडताना ते अंग गार करतं, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांचाच. पिसवांचे पट्टे आणि पावडरींच्याही वाटेला जाऊ नका. आणि "नॅचरल" या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. टी ट्री ऑइल, संत्र्या-लिंबाच्या सालींचं तेल, कापूर हे सगळं मांजरांना विषारी ठरू शकतं, ते कातडीतून आत जातं शिवाय चाटल्यावर पोटातही.

मग राहतं काय? बारीक दातांची फणी, कोमट पाणी आणि धीर.

पण त्याच्याही आधी ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडी वाजली तर कुडकुडताही येत नाही, त्याचं अंगाचं तापमान 35-36 अंशांच्या आसपास असतं आणि तेसुद्धा आईच्या पोटाशी चिकटून राहिल्यामुळे टिकतं. अंग लहान असलं की वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, म्हणून उष्णता भसाभस बाहेर जाते, आणि केस ओले झाले तर विचारूच नका. मी सुरुवातीला एका पिल्लाला पिसवा बघून घाबरून थेट पाण्यात घातलं होतं, पिसवा गेल्या खऱ्या पण पिल्लू एवढं गार पडलं की पुढचे दोन तास मी त्याला छातीशी धरून बसले होते. ते वाचलं, पण तेव्हापासून क्रम पक्का झाला. पिल्लू हाताला गार लागलं तर आधी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून त्याला हळूहळू ऊब द्यायची, आणि ऊब येईपर्यंत दूधही पाजायचं नाही, कारण गार पिल्लाचं आतडं काम थांबवतं, दूध तसंच साचून राहतं किंवा चुकून फुप्फुसात जातं.

पिल्लू उबदार झालं की फणी घ्या. पिसूचं अंग दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं चपटं असतं आणि त्यावर मागे वळलेले राठ केस असतात म्हणून ती केसांतून सुळकन जाते आणि बोटाने ओढून निघत नाही, पण फणीच्या दातांतली फट तिच्या अंगाहूनही बारीक असते, तिथं ती अडकते. शेजारी वाटीत साबण घातलेलं कोमट पाणी ठेवा. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून पळते, साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि ती बुडते. मान, कानांच्या मागे, हनुवटीखाली, शेपटीच्या बुडाशी, पोट, हळूहळू विंचरत जायचं, दर दोन-तीनदा फिरवल्यावर फणी वाटीत बुडवायची. पाच-सात मिनिटं झाली की थांबून पिल्लाला परत उबेत ठेवायचं. एका बैठकीत सगळ्या निघाल्याच पाहिजेत असा हट्ट नको, दिवसातून दोन-तीनदा करा.

पिसवा फारच असतील आणि पिल्लू अंगाने बरं, गरम, चळवळं असेल तरच अंघोळ, तीही शक्यतो डॉक्टरांना विचारून. खोली आधी गरम, टॉवेल आधी गरम. पाणी साधारण 37-38 अंश, साधा सौम्य, वास नसलेला साबण, आणि सगळ्यात आधी मानेभोवती साबणाचं कडं करायचं कारण अंग भिजलं की पिसवा जीव घेऊन डोक्याकडे धावतात आणि डोळ्या-कानांत घुसतात. तोंड पाण्यात घालायचं नाही, तोंडावरच्या पिसवा फणीने काढायच्या. तीन-चार मिनिटांत बाहेर, टॉवेलने टिपून, मग पूर्ण कोरडं होईपर्यंत उबेत. एका दिवसात दुसरी अंघोळ नाही.

इथं बरेच जण थांबतात, पण पिल्लावर दिसतात त्या पिसवा म्हणजे थोडाच भाग. मादी दिवसाला 40-50 पर्यंत अंडी घालते, ती गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत, घरंगळून अंथरुणात पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या तिथंच पडलेली ती काळी विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त, खाऊन वाढतात आणि मग कोष करतात. म्हणून अंथरूण रोज बदला, 60 अंशांच्या पाण्यात धुवा, फटी आणि कोपरे व्हॅक्यूम करून कचरा लगेच घराबाहेर टाका. आई सोबत असेल तर तिचा उपचार डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी सुरू करा, दूध पाजणाऱ्या मांजरीला चालणारी औषधं आहेत, तीच मागा. आईवर पिसवा राहिल्या तर सकाळी विंचरलेलं पिल्लू संध्याकाळी परत भरलेलं. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा जंतांच्या औषधाचंही विचारा, अंग चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो.

पिल्लाचं रोज ठरावीक वेळी वजन करा, स्वयंपाकघरातला काटा चालतो. दिवसाला 10-15 ग्रॅम वाढ होत असेल तर ठीक चाललंय, वजन थांबलं किंवा घटलं तर पुन्हा हिरड्या बघा. दरम्यान कोषातल्या पिसवा आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, निपचित बसून राहतात आणि जवळपास हालचाल, ऊब, श्वासाची हवा जाणवली की बाहेर येतात, म्हणून टिश्यूवरचे लाल डाग बंद झाले तरी फणी पिल्लाच्या टोपलीशेजारीच असू द्या.